ओझ्याची निवड : प्रस्तावना

श्रावण अर्धा सरला आणि पेणच्या गणपतींच्या कारखान्यांतून मूर्ती टेम्पोत चढवण्याची घाई सुरू झाली, की गल्लोगल्ली जे दृश्य दिसू लागते ते ज्याने एकदा बारकाईने पाहिले असेल, त्याला या पुस्तकाचा विषय वेगळा समजावून सांगण्याची फारशी गरज पडणार नाही. चार फुटांची मूर्ती हलवायची असते. तिला कडी नसते, मूठ नसते, आणि रंग अद्याप पुरता वाळलेला नसल्यामुळे हाताला सोयीचे वाटेल तेथे धरण्याची मुभाही नसते. कारागीर पाय फाकवून बैठकीपाशी बसतो, दोन्ही पंजे पाटाखाली सरकवतो, मूर्तीची पाठ आपल्या छातीला टेकवून घेतो, दम धरून उभा राहतो, आणि समोरचे काही दिसत नसताना, केवळ पायांच्या सवयीने, बोळातली पंधरा-वीस पावले तोलून टाकीत टेम्पोच्या फळीपर्यंत जातो. व्यायामशाळेत दीडशे किलोचा रॉड जमिनीवरून सहज उचलणारे दोन तरुण मी याच बोळात चाळीस-पन्नास किलोच्या मूर्तीपुढे गोंधळून उभे राहिलेले पाहिले आहेत. त्यांच्या अंगी बळ नव्हते असे नाही. त्यांच्या बळाला ओळख होती ती फक्त सरळ, समतोल, हातात मावणाऱ्या लोखंडाची.

ज्याला हल्ली जगभर ‘स्ट्राँगमन’ म्हणतात तो व्यायामप्रकार या वेड्यावाकड्या ओझ्याचा आहे. काँक्रीटचा गुळगुळीत गोळा मांडीवर घेऊन छातीइतक्या उंच चौथऱ्यावर ठेवणे, ओंडक्यासारखा जाड लॉग खांद्यावर आणून डोक्यावर सारणे, दोन हातांत दोन जड दांडे घेऊन फार्मर्स वॉक करणे, खांद्यांवर योक, म्हणजे लोखंडी जू, पेलून पळणे, डंपरचा टायर उलटत नेणे, वाळूचे पोते कवेत घेऊन चालणे, ही त्यातली मुख्य कामे. रोह्याला दसऱ्यात धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा तिचा दांडा ज्यांच्या खांद्यावर असतो, विहिरीवरून दोन भरल्या बादल्या घेऊन जी बाई चढण चढते, भाताची गोण पाठीवर घेऊन जो हमाल फळीवरून ट्रकात चढतो, त्या सर्वांचे हेच व्यायाम आहेत. त्यांना कोणी व्यायाम म्हटले नाही इतकेच.

आपल्याकडे या साधनांचा इतिहास किती जुना आहे, हे तालमीतल्या शब्दांवरूनच ध्यानात येते. मल्ल, मुद्गल, गदा हे शब्द संस्कृतातून आलेले. तालीम, वस्ताद, पहिलवान हे अरबी-फारसीतून. आणि हे दोन्ही प्रवाह एकाच हौद्यातल्या तांबड्या मातीत इतके मिसळले आहेत की आज वस्तादाने पठ्ठ्याच्या हाती मुद्गल दिला, या वाक्यात कोणाला काही परके वाटत नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात मल्लांच्या श्रमप्रकारांमध्ये भारश्रमाची गणना आहे, ‘मल्लपुराणा’त गुरू आणि लघू अशा दोन गोणितकांचा, म्हणजे दगडी कड्यांच्या व्यायामाचा, निर्देश येतो. तालमीत मानेत घालून बैठका मारण्याचे दगडी कडे, आत आडवी मूठ ठेवलेला पोकळ दगडी नाल, खाचा पाडलेला लाकडी सुमतोला, लांब काठीच्या टोकाला दगडी गोळा बसवलेली गदा, जोडी आणि करेल, ही सगळी साधने एका रांगेत मांडून पाहिली म्हणजे विदेशी कॅटलॉगातल्या बऱ्याच वस्तूंचे पूर्वज घरचेच निघतात. सुमतोला आणि आजचा लॉग यांत तर धातूखेरीज फारसे अंतरच नाही. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून संपादिलेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळात निघाले. साधनांकडे एवढ्या आदराने, मापासकट आणि कृतीसकट पाहणारा उद्योग त्यानंतर मराठीत पुन्हा झाला नाही, ही मला मनापासून खंत वाटते, आणि प्रस्तुत पुस्तक लिहिण्यामागचे ते एक कारणही आहे.

दुसरा प्रवाह उत्तर समुद्राकडचा. आइसलंडच्या द्यूपालोन्ससांदुर या किनाऱ्यावर चार दगड अद्याप पडलेले आहेत, २३, ५४, १०० आणि १५४ किलोंचे. मासेमारीच्या होडीवर नोकरी मागायला आलेल्या माणसाने यांतला निदान ५४ किलोचा दगड उचलून ठेवावा, तरच त्याला वल्ह्याला घेत. आपल्या खाडीवरचा तांडेल नवख्या खलाशाला जाळे ओढायला लावून पारखतो, त्याहून हे निराळे नाही. स्कॉटलंडात पोटार्कच्या पुलाजवळ लोखंडी कड्यांचे दोन दगड आहेत, मिळून सुमारे ३३२ किलोंचे. १८६० साली डोनाल्ड डिनी या गवंड्याच्या मुलाने ते दोन्ही हातांत घेऊन पुलाची रुंदी ओलांडली, आणि फार्मर्स वॉकचा तो आद्य दाखला मानला जातो. आइसलंडातलाच हुसाफेल येथील १८६ किलोंचा चपटा दगड मेंढवाड्याच्या दाराला लावलेला असे. तो कवेत घेऊन वाड्याभोवती फिरण्याची चाल पडली, आणि आज त्याच आकाराची पोलादी पेटी स्पर्धांतून दिसते. १९७७ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात ‘वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन’ ही स्पर्धा प्रथम भरली, ब्रूस विल्हेल्म तीत पहिला आला, आणि गावोगावचे हे विखुरलेले दगड-ओंडके दूरदर्शनच्या पडद्यावर येऊन एका खेळाच्या नियमावलीत बसले.

या दोहोंच्या मध्ये रॉडचा आणि प्लेटांचा प्रवाह येतो. यूजेन सँडो १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानात खेळ करून गेला, त्याच्या पाठोपाठ डंबेल्स आणि स्प्रिंगची यंत्रे शहरांतून पसरली, आणि पुढच्या पन्नास वर्षांत ‘व्यायामशाळा’ हा शब्द हौद्यापासून सुटून आरसा आणि रॉड यांना जाऊन चिकटला. रॉडची निंदा करणारे काही लोक आहेत. मी त्यांतला नाही. भार थोडाथोडा, मोजून वाढवण्याची सोय रॉडइतकी दुसऱ्या कोणत्याही साधनात नाही, आणि कंबर व मांड्या यांचा पाया त्यावाचून नीट घातला जात नाही.

यावरून साधनांविषयी तीन पंथ पडलेले दिसतात. एक म्हणतो, वर्षभर केवळ रॉडवर बळ कमवावे आणि गोळा-लॉग स्पर्धेच्या तोंडावर हाती घ्यावेत. दुसऱ्याच्या मते जे करायचे आहे तेच रोज करावे, म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्यक्ष साधनेच वापरावीत. तिसरा पंथ आपल्या तालमीचा, जो एकदाच प्रचंड वजन उचलण्यापेक्षा मध्यम वजन शेकडो वेळा फिरवण्याला मान देतो, आणि खांदे व मनगटे यांची जी देखभाल तो करतो ती पहिल्या दोघांना अजून साधलेली नाही. पुष्कळ वर्षे तिन्ही पाहिल्यावर मी या मतावर आलो आहे की नवशिक्याला पहिले सहा महिने रॉड आणि वाळूचे पोते यांखेरीज काही देऊ नये; जोडी मात्र पहिल्या दिवसापासून द्यावी. हे मत पुस्तकात जागोजागी डोकावेल. ज्यांना ते पटणार नाही त्यांनी पहिल्या दोन पंथांचा तपशील स्वतंत्रपणे वाचावा; तो मी हातचा राखून लिहिलेला नाही.

आता हे सर्व पेण-रोह्यात बसून, आणि आजच, लिहिण्याचे प्रयोजन. महामार्ग रुंदावला, डोलवीचा पोलाद कारखाना आणि धाटावची औद्योगिक वसाहत यांच्या आसऱ्याने हातात दरमहा पगार येणारी पिढी उभी राहिली, आणि कबड्डीच्या मैदानावर वाढलेल्या या मुलांनी गावोगाव पत्र्याच्या शेडमध्ये व्यायामशाळा काढल्या. उत्साह मुबलक आहे, पैसाही थोडाफार आहे. उणीव आहे ती निवडीच्या अकलेची. मोबाइलवर चित्र पाहून साधने मागवली जातात, आणि ती चित्रे अशा देशांतली असतात जेथे हवा कोरडी आणि जमीन टणक आहे. येथे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो बहुतेक चार महिन्यांत. धरमतरची खाडी आणि कुंडलिकेचे खारे पाणी आतवर येते. खारपाटाच्या गावांत खिडकीचे गज दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतात. क्रोमचा मुलामा दिलेला रॉड दिसायला आरशासारखा, पण मुलाम्याला केसाएवढी चीर पडली की खारी हवा तेथून आत शिरते, आणि गंज बाहेर दिसू लागेपर्यंत खालचे पोलाद खड्डे पडून गेलेले असते. म्हणून खाडीकाठच्या माणसाने शक्य तर स्टेनलेसचा रॉड घ्यावा. तेवढे द्रव्य नसेल तर मुलामा नसलेला उघडा रॉड घेऊन दर आठवड्याला ब्रशने घासून शिवणयंत्राच्या तेलाचे बोट फिरवावे. खोबरेल लावू नये. ते चिकट होऊन धूळ धरते.

निवडीचे जे एक सूत्र या पुस्तकाच्या मुळाशी आहे ते येथेच सांगून टाकतो: जे येथे सुरक्षितपणे घडवता येत नाही तेवढेच विकत घ्यावे, बाकीचे पेण-रोह्यातच घडवावे. विकत घ्यायचा तो मुख्यत्वे रॉड. लेथवर साध्या पोलादाची सळई उतरवून केलेला रॉड स्वस्त पडतो, पण मोठ्या भाराखाली त्याला एकदा बाक आला की तो परत सरळ होत नाही, आणि वाकड्या रॉडवर मनगट रोज थोडेथोडे दुखावत राहते. पट्टे, कड्या, साखळ्या, जिथे जिथे माणसाच्या डोक्यावर ओझे लटकणार आहे ती प्रत्येक वस्तू भारक्षमता कोरलेली आणि नामांकित कारखान्याचीच असावी. परंतु फार्मर्स वॉकचे दांडे, योक, लॉग, चौथरे, गोळे आणि पोती यांसाठी परदेशी मालाचा खर्च करणे मला अनाठायी वाटते. धाटावला आणि महामार्गाच्या कडेला असे वेल्डर आहेत ज्यांनी रसायनांच्या टाक्यांचे सांधे जोडले आहेत. पायावर योक आपटला तर काय होईल हे त्यांना समजावून सांगितले, की ते सांधा दोन्ही बाजूंनी भरून देतात आणि दांड्याच्या मुठीवर वेल्डिंगचा कंगोरा राहू देत नाहीत. टायर तर खडीच्या खाणींवरच्या डंपरचा किंवा लोडरचा, भंगारात मिळतो. त्यातून पोलादी तारा बाहेर आलेल्या नाहीत ना हे हात फिरवून पाहावे, आणि आणल्याबरोबर त्याला खालून भोके पाडावीत. पावसाळ्यात उघड्यावरच्या टायरात पाणी साचले तर व्यायामशाळेने गावाला डेंग्यूचे डास पुरवल्यासारखे होईल.

गोळ्याविषयी थोडे विस्ताराने लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण साच्याची विद्या ज्या गावाने पिढ्यानपिढ्या जोपासली त्या गावाला दगडी गोळा बाहेरून आणावा लागणे मला कमीपणाचे वाटते. मूर्तीचा साचा पोकळ, हलक्या मालासाठी असतो, काँक्रीटचा भार त्याला पेलत नाही. म्हणून दोन अर्धांचा, कडेला नट-बोल्टांनी आवळता येणारा जाड फायबरचा साचा करून घ्यावा, आतून तेलाचा हात द्यावा, आणि वरच्या तोंडातून माल थोडाथोडा ओतीत लाकडी ठोकळ्याने साचा चहूबाजूंनी ठोकीत राहावे, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. साचा सोडल्यावर गोळा ओल्या गोणपाटाखाली ठेवावा, आणि पुरते अठ्ठावीस दिवस त्याला कोणी हात लावू नये. घाईने बाराव्या दिवशी उचललेला गोळा चौथऱ्यावर आपटून दुभंगलेला मी पाहिला आहे. आतून तो गुळाच्या ढेपेसारखा भुसभुशीत होता.

मापाचा हिशेबही ध्यानी धरण्यासारखा आहे. काँक्रीटचा घनमीटर चोवीसशे किलोंचा धरला तर ३५ सेंटिमीटर व्यासाचा गोळा ५४ किलोंचा होतो, ४० चा ८०, ४५ चा ११५ आणि ५० चा १५७ किलोंचा. व्यास पावपट वाढला की वजन जवळजवळ दुप्पट होते. पाच-पाच सेंटिमीटरच्या पायऱ्यांनी साचे केले तर एका गोळ्यावरून दुसऱ्यावर जाताना पठ्ठ्याची कंबर मोडते. ४० नंतर ४२ चा साचा असावा, म्हणजे वाढ तेरा किलोंच्या आत राहते. हाच गोळा सह्याद्रीच्या काळ्या दगडातून पाथरवटाकडून घडवला तर ४० सेंटिमीटरलाच तो शंभरीच्या उंबरठ्यावर जातो. तो देखणा दिसतो, आयुष्यभर टिकतो. पण पहिला गोळा म्हणून कोणाला देऊ नये.

वजन स्वतः तोलून घेण्याविषयी माझा आग्रह काहींना अतिरेकी वाटेल, म्हणून त्यामागची हकीकत नमूद करतो. काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून मी लॉग आणवला. त्यावर रिकामे वजन ४० किलो असे रंगवलेले होते, आणि ते मी खरे मानले. आमच्याकडे येणारा एकोणीस वर्षांचा एक मुलगा, ज्याने रॉडवर साठ किलो सहज डोक्यावर नेले होते, तो या लॉगवर दहा-दहाच्या दोन प्लेटा चढवल्या की छातीशीच अडे. तीन आठवडे तो अडत राहिला, जेवण वाढवले, झोप वाढवली, आणि शेवटी खालमानेने मला म्हणाला, “काका, माझ्यात दमच नाही बहुतेक.” त्या संध्याकाळी मी लॉग टेम्पोत घालून भंगारवाल्याच्या काट्यावर नेला. काटा ५३ वर थांबला. त्या मुलाला मी ती चिठ्ठी दाखवली. त्याने ती दोनदा वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. बडोद्याच्या संग्रहालयात गामाने १९०२ साली उचलल्याचा लेख कोरलेली एक प्रचंड शिळा आहे, तिचे वजन बाराशे किलो सांगतात. गामाच्या थोरवीला अशा आकड्याची मदत लागत नाही, आणि आपल्या पोरांना मात्र न तोललेल्या आकड्यांनी इजा होते.

पोत्याच्या बाबतीत वजनाची रुजवात आणखी वारंवार करावी लागते. खाडीची वाळू भरू नये. तिच्यातले मीठ ओल खेचते, आणि आषाढातले पोते वैशाखातल्या पोत्याहून जड निघते. कोरडी क्रश सँड घ्यावी, आणि आकार मोठा पण भार कमी हवा असेल तर भातगिरणीवरचे तूस तिच्यात मिसळावे. ते येथे मागेल तेवढे मिळते.

घर आणि धंदा यांचा विचार पुस्तकात वेगवेगळा केला आहे, कारण दोहोंच्या अडचणी निरनिराळ्या जातीच्या आहेत. घरच्या माणसाला जागा नसते. राहत्या खोलीचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलोंच्या हिशेबाने बांधतात, व्यायामशाळेसाठी हाच आकडा सुमारे पाचशे आहे, आणि हे दोन्ही आकडे ठेवलेल्या ओझ्याचे आहेत, आपटलेल्या नव्हेत. तेव्हा माडीवर गोळा नको. मागल्या पडवीत किंवा अंगणात जोत्यालगत सहा इंचांचा कोबा घालावा, त्यावर रबराचे जाड तक्ते टाकावेत आणि वर पत्रा. सारवलेल्या अंगणात योक घेऊन चालणे पावसाळ्यात पाय मोडून घेण्याचे साधन आहे. दोन पोती, एक रॉड, प्लेटा आणि दांड्यांची जोडी, एवढ्या ऐवजावर घरचा माणूस तीन वर्षे पुढे जात राहतो.

व्यायामशाळेच्या चालकाने मात्र प्रथम साधन न घेता फीत घेऊन जागा मोजावी. पंधरा मीटरची सरळ, मोकळी पट्टी निघत नसेल तर योक आणि दांडे घेऊन भिंतीशी टेकवून ठेवण्यात अर्थ नाही. त्या पैशात बदलत्या वजनाचा एक लॉग आणि पाच गोळे येतात, आणि ते आठ बाय आठ फुटांत चालतात. शेजार किती जवळ आहे, रात्री नऊनंतर आपटण्याचा आवाज कोणाच्या देव्हाऱ्यापर्यंत जातो, पावसात शेडला पाणी कोणत्या कोपऱ्यातून येते, हे प्रश्न कॅटलॉगात नसतात. पुस्तकात त्यांना मी साधनांइतकीच जागा दिली आहे. गोळा धरण्यासाठी हाताला राळ लावतात, ती तक्त्यांवर, रॉडवर, दाराच्या कडीवर, सगळीकडे जाते. म्हणून गोळ्यांचा कोपरा अलग असावा.

हे पुस्तक व्यायाम शिकवीत नाही. कोणता व्यायाम कसा करावा हे वस्तादाच्या नजरेखाली शिकायचे असते, आणि छापील पानाला नजर नसते. एक इशारा तेवढा प्रस्तावनेतच देऊन ठेवतो, कारण तो साधनांच्या निवडीशी निगडित आहे: टायर आणि गोळा ही दोन साधने वाकवलेल्या कोपराने उचलू पाहणाऱ्या माणसाच्या दंडाची शीर कोपरापाशी तोडतात, आणि हे नवख्यापेक्षा जोर आलेल्या माणसाच्या बाबतीत अधिक घडते. ज्या व्यायामशाळेत हे बघणारा कोणी हजर नसेल तिने ही दोन साधने कुलपात ठेवावीत.

काँक्रीटचे प्रमाण मला ज्या गवंड्याने सांगितले, योकच्या खांबांना तिरके आधार द्यायला ज्या वेल्डरने लावले, आणि साच्याची तोंडे कशी जुळवावीत हे ज्या मूर्तिकाराने भाद्रपदाच्या गर्दीतही आपले काम थांबवून दाखवले, त्यांनी आपली नावे छापू नयेत असे सांगितले आहे. त्यांच्या इच्छेप्रमाणे ती छापली नाहीत. त्या मूर्तिकाराच्या हातून निघालेला पहिला गोळा, ४० सेंटिमीटरचा, काट्यावर ७९ किलोंचा भरला. तो आमच्या शेडच्या दाराशी आहे. पाहायला येणाऱ्याने आधी हाताला राळ लावावी.